रस, चोथा आणि जाळी

जानेवारी उजाडला की पुण्यातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: ‘मॅडम, ज्यूसर कोणता घेऊ?’ विचारणारे वेगवेगळे असतात. नुकतीच रक्तातली साखर वाढलेली निघालेले बँकेतले साहेब, मुलगा भाजीला तोंड लावत नाही म्हणून हैराण झालेली आई, गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेल्या आजी. प्रश्नामागची आशा मात्र सगळ्यांची सारखीच असते. सकाळी एक ग्लास रस पोटात गेला की त्या दिवसापुरती फळं आणि भाज्या खाऊन झाल्या, असं प्रत्येकाला वाटत असतं.

बाईंनी आधी रुग्णालयात काम केलं, मग स्वतःचा दवाखाना काढला. कोणत्या फळाच्या रसात साखर किती आणि तंतू किती, हे त्यांना तोंडपाठ. घरी मात्र रोज रस काढून पिण्याची पद्धत नव्हती. मिक्सरबरोबर आलेलं ज्यूसरचं भांडं अनेक घरांत असतं तसं त्यांच्याही घरी माळ्यावर होतं. लोक हजारो रुपये मोजून जी वस्तू घेणार आहेत, तिच्याबद्दल नुसत्या तक्त्यांवरून बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. एक स्लो ज्यूसर स्वतःच्या पैशाने विकत आणला आणि ओट्यावर कायमची जागा देऊन तो रोज वापरायला घेतला.

महाराष्ट्राला रस नवा नाही. उन्हाळ्यात रसवंतीवर थांबून, आलं-लिंबू घातलेला उसाचा रस पिणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. पण तो बाहेर, अधूनमधून प्यायचा. घरात रस निघायचा तो बहुधा आजाऱ्यासाठी. रुग्णालयात कोणाला भेटायला जाताना पिशवीत मोसंबी असायचीच, आणि काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या रसपात्रावर अर्धी मोसंबी पिळून वाटीभर रस रुग्णाला दिला जायचा. 1963 मध्ये सुमीत मिक्सर आला, तोही वाटण-घाटणाचं काम हलकं करण्यासाठी. धडधाकट माणसाने रोज सकाळी घरी काढलेला रस प्यायचा, ही सवय बरीच अलीकडची. तिची मुळं अमेरिकेत आहेत. 1930च्या दशकात नॉर्मन वॉकर यांनी तिथे कच्च्या भाज्यांच्या रसाचा मोठा प्रचार केला आणि भाजी आधी बारीक करून मग कापडात दाबणारं यंत्रही तयार केलं.

आज दुकानात दोन जातींचे ज्यूसर समोरासमोर मांडलेले असतात. पहिल्यात दातेरी चकती मिनिटाला हजारो फेरे घेते, फळ किसते आणि त्या वेगानेच रस जाळीबाहेर फेकते. दुसरा स्लो किंवा कोल्ड प्रेस. त्यातला जाड स्क्रू मिनिटाला साधारण 40 ते 80 फेरे घेत फळ जाळीवर दाबत पुढे नेतो. उसाच्या चरकासारखंच हे काम, फक्त उभं आणि बंद भांड्यात. दुकानातल्या मुलाने गाजर घालून दोन्ही चालवून दाखवले. वेगवान यंत्राचा आवाज दुकानभर घुमला. स्लो ज्यूसरचा आवाज बोलणं चालू ठेवता येईल इतकाच होता.

‘फास्टवाल्यात उष्णतेने सगळी जीवनसत्त्वं मरतात मॅडम,’ तो म्हणाला.

हे वाक्य बाईंनी रुग्णांच्या तोंडूनही अनेकदा ऐकलं होतं. घरी त्यांनी माळ्यावरचं जुनं भांडं खाली काढलं, त्याच गाजरांचा रस दोन्ही यंत्रांत काढला आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावून पाहिला. बोटाला जाणवेल इतकाही फरक नव्हता. रस यंत्रात काही सेकंदच असतो, तेवढ्यात जीवनसत्त्वं जळून जातील असं तापमान तिथे होत नाही. खरा फरक हवेचा. वेगवान चकती रसात हवा मिसळते, त्यामुळे वर जाड फेस येतो, खाली पाणी वेगळं होतं आणि सफरचंदासारखा रस लवकर तपकिरी पडतो. दुसरा फरक चोथ्याचा. स्लो ज्यूसरमधून पडणारा चोथा बराच कोरडा असतो, म्हणजे तेवढा रस जास्त निघालेला असतो. पालक, पुदिना, गव्हांकुर अशा पानांच्या बाबतीत तर वेगवान यंत्र जवळपास निरुपयोगी ठरतं. पानं चकतीवरून तशीच उडून चोथ्यात जातात.

पहिल्या सकाळी गाजर, थोडं बीट, एक संत्रं आणि आल्याचा तुकडा असा बेत होता. गाजरं उभी चिरली तर स्क्रू ती सहज ओढून घेतो. आल्याचे मात्र आडवे पातळ काप करावे लागतात, नाहीतर त्याचे दोरे स्क्रूभोवती गुंडाळले जातात. पालक घालायचा तर पानांची सुरळी करायची आणि तिच्यामागून लगेच गाजर सोडायचं, म्हणजे पानं आत रेटली जातात. हे सगळं माहितीपुस्तिकेत असतं, पण हाताला कळायला यंत्रासमोर उभंच राहावं लागतं. घाई केली, नळीत फोडी कोंबल्या, की स्क्रू अडतो. मग उलटं फिरवण्याचं बटण दाबायचं आणि थांबायचं. किलोभर गाजरांतून साधारण अर्धा लिटर रस निघाला. रंग असा की घरातल्या मुलाने न सांगता ग्लास पुढे केला.

केळं, चिकू, पपई, पिकलेला आंबा ही या यंत्राची फळं नव्हेत. त्यांत रस वेगळा होत नाही, गर जाळीत बसतो आणि छिद्रं बुजतात. त्यांच्यासाठी मिक्सर किंवा पुरणयंत्रच बरं. आवळ्याच्या आणि जांभळाच्या बिया आधी काढाव्या लागतात. डाळिंबाचे दाणे मात्र या यंत्रात फार सुरेख चालतात. बी चिरडली न जाता चोथ्यातून बाहेर पडते आणि रस स्वच्छ लाल येतो.

मोसंबीने वेगळाच धडा दिला. सोलून, फोडी करून मोसंबी यंत्रात घातली. रस ताजा असताना गोड लागला. तोच रस झाकून ठेवला आणि तासाभराने चाखला, तर जिभेच्या मागच्या बाजूला कडू चव रेंगाळली. बाई दुसऱ्या दिवशी महात्मा फुले मंडईजवळच्या एका ज्यूसवाल्याकडे गेल्या. त्याची पद्धत त्यांनी नीट पाहिली. मोसंबी आडवी कापायची, अर्धा भाग वाटीत उपडा ठेवायचा आणि दांडा खाली दाबायचा. बिया फुटत नाहीत, सालीखालचा पांढरा भाग फारसा कुस्करला जात नाही.

‘रस काढला की लगेच प्यायचा ताई. पार्सल मागतात त्यांना मी सांगतो, घरी जाऊन फ्रिजमध्ये ठेवू नका,’ तो म्हणाला. मोसंबी कशी निवडायची तेही त्याने शिकवलं. ‘हातात घेऊन वजन बघा. दिसायला मोठी आणि हाताला हलकी असली तर साल जाड, रस कमी.’

त्याच्या अनुभवामागे रसायनशास्त्र आहे. मोसंबी-संत्र्याच्या पडद्यांत आणि बियांत एक बेचव पदार्थ असतो. फळ अख्खं असताना तो शांत असतो. पेशी फुटून तो आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन कडू. स्लो ज्यूसर पडदे आणि बियाही दाबतो, म्हणून कडवटपणा अधिक. तेव्हापासून बाई मोसंबी सोलताना पांढरा भाग जमेल तेवढा काढतात, बिया टिपतात, आणि एकट्या मोसंबीचाच रस हवा असेल तर साधं रसपात्र वापरतात. त्याला वीज लागत नाही आणि धुवायला अर्धं मिनिटही लागत नाही.

धुण्याचा मुद्दा घरात भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी मांडला. ‘ताई, रस तुम्ही खुशाल प्या, पण ती जाळी लगेच पाण्यात टाकत जा. वाळलं की नख लावून लावून काढावं लागतं.’

मावशींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ज्यूसरची जाळी हा त्या यंत्राचा सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. नळाखाली धरून ती स्वच्छ दिसते, पण उजेडाकडे धरली की बुजलेली छिद्रं कळतात. संत्र्याचे तंतू त्यांत आडवे अडकून बसतात. यंत्राबरोबर आलेल्या ब्रशने आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून घासल्याशिवाय ते सुटत नाहीत. भांड्याच्या तळाशी, चोथा बाहेर पडतो त्या वाटेवर, सिलिकॉनची एक छोटी पट्टी असते. ती ओढून मागे करता येते हे अनेकांना माहीतच नसतं. तिच्यामागे चोथ्याचा गोळा राहतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत त्याला आंबूस वास येतो. बाईंच्या घरी आता नियम असा आहे की ज्याने रस काढला त्यानेच, ग्लास तोंडाला लावण्याआधी, यंत्रातून तांब्याभर पाणी फिरवायचं आणि जाळी घासायची. मावशींच्या वाट्याला फक्त ग्लास येतात.

स्वच्छतेला दुसरीही बाजू आहे. कच्च्या रसाला आच लागलेली नसते. फळाच्या सालीवरची घाण, जंतू, सगळं रसात उतरू शकतं. अमेरिकेत 1996 मध्ये पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली होती. तीत एका लहान मुलीचा जीव गेला आणि पुढे तिथे रसासाठी कडक नियम आले. म्हणून बाई फळं आणि भाज्या सोलायच्या असल्या तरी आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतात, नासका भाग नुसता कापून न टाकता ते फळच बाजूला ठेवतात, आणि गरोदर बायका, तान्ही मुलं आणि केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांना बाहेरचा कच्चा रस टाळायला सांगतात.

रस काढून झाला की दुसऱ्या भांड्यात चोथा उरतो. बाईंचं लक्ष सगळ्यात जास्त त्या भांड्याकडे गेलं. किलोभर गाजरांमागे उरलेला तो केशरी ढीग म्हणजे गाजरातले बहुतेक तंतू. फळ किंवा भाजी खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटतं ते त्यांच्यामुळे, साखर रक्तात सावकाश उतरते ती त्यांच्यामुळे, सकाळी पोट साफ होतं तेही पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे. 100 ग्रॅम संत्र्यात अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, गाळलेल्या रसात ते नावापुरते उरतात. लोक हाच भाग कचऱ्यात टाकतात आणि मग बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल विकत आणतात.

चोथ्याचा उपयोग करायला त्यांनी घरात सुरुवात केली ती थालीपिठापासून. भाजणीत गाजर-बिटाचा चोथा, कांदा, कोथिंबीर, तीळ, थोडं दही. चोथा कोरडा असल्यामुळे पीठ सैल पडत नाही आणि थालीपीठ तव्यावर फाटत नाही. पालकाचा चोथा पराठ्यात किंवा मुगाच्या डाळीच्या धिरड्यात जातो. सफरचंदाचा चोथा दालचिनी घालून शिजवला की मुलांच्या पोळीत भरता येतो. एकच पथ्य आहे. चोथा ओट्यावर पडून राहू द्यायचा नाही. लगेच वापरायचा, नाहीतर झाकून फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवायचा. आणि काहीच जमलं नाही तर कुंडीतल्या खताला.

आता दवाखान्यातला प्रश्न. पाव लिटर संत्र्याच्या रसासाठी तीन-चार संत्री लागतात आणि त्यात 20 ग्रॅमच्या आसपास साखर असते. चार संत्री सोलून, चावून खायला वेळ लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या संत्र्यालाच माणूस थांबतो. रस मिनिटात संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, तेव्हा फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरली. या गटाची साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, जमल्यास 5 टक्क्यांच्या आत ठेवा, असं ती सूचना सांगते. 2,000 कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. एका मोठ्या ग्लासात ही मर्यादा जवळपास संपते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2024 च्या सूचनाही रसापेक्षा अख्ख्या फळाला पसंती देतात, आणि उसाच्या रसात 100 मिलिलिटरला 13 ते 15 ग्रॅम साखर असते याची आठवण करून देतात. 2013 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात अमेरिकेतल्या 1,87,382 आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घकाळच्या नोंदी तपासल्या होत्या. रस जास्त पिणाऱ्यांत टाइप 2 मधुमेहाचं प्रमाण अधिक दिसलं, तर द्राक्षं, सफरचंदं अशी काही अख्खी फळं खाणाऱ्यांत कमी.

एक निवृत्त शिक्षक बाईंकडे येतात. मधुमेह जुना, औषधं नियमित, फिरणं नियमित, तरी नाश्त्यानंतरची साखर चढलेली. रोज सकाळी सफरचंद, गाजर आणि बिटाचा रस, ‘साखर न घालता’. बाईंनी त्यांना रागावून काही सांगितलं नाही. त्याच गाजराची कोशिंबीर आणि तेच सफरचंद सालीसकट, मधल्या वेळी, चावून खायला सांगितलं आणि घरच्या ग्लुकोमीटरवर फरक स्वतः पाहायला सांगितला. आकडे वहीत लिहून सर पुढच्या भेटीला आले, तेव्हा रसाविषयी वेगळं बोलावंच लागलं नाही.

बिटाबद्दल तर दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा घाबरलेला फोन येतो. बिटाचा रस प्यायल्यावर काहींच्या लघवीला लालसर रंग येतो, आणि माणूस रक्त समजून धावतो. तो रंग बिटाचाच असतो, निरुपद्रवी. ‘बीट लाल म्हणून रक्त वाढतं’ हा समजही तसाच. 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. रक्त कमी असलेल्या मुलींना बाई बिटाच्या ग्लासाऐवजी बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ सांगतात आणि जेवणाबरोबर अर्धी वाटी मोसंबीचा किंवा आवळ्याचा रस. क जीवनसत्त्व जेवणातलं लोह शरीरात शोषायला मदत करतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याच कामात अडथळा आणतो. रसाचा हा उपयोग खरा आहे, आणि त्याला अर्धी वाटी पुरते.

दात गेलेल्या, तोंडाला चव नसलेल्या आजोबांनाही रस उपयोगी पडतो. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पातळच घ्यायचं असतं, तेव्हाही. मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने रस स्वतःच्या मनाने सुरू करू नये. संत्रं, मोसंबी, टोमॅटो यांच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. पालकाच्या रसात ऑक्झॅलेट. कमरखाचा रस तर अशा रुग्णाला घातकच ठरू शकतो. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्याने हिरव्या पानांच्या रसाचे ग्लास अचानक सुरू केले तर औषधाचा मेळ बिघडतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊच नये, आणि तीन वर्षांपर्यंत दिवसाला 120 मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये सांगितलं आहे.

दुधीच्या रसाविषयी बोलताना मात्र बाईंचा आवाज चढतो. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधी-कारल्याचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू दुधीत क्युकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. उलट्या, जुलाब, पोटातून रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं, आणि त्यावर उतारा नाही. समितीने सांगितलेली काळजी अगदी साधी होती: रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून पाहा, कडू असेल तर दुधी फेकून द्या, दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. घरात ज्यूसर आल्यावर ही काळजी आणखी महत्त्वाची होते, कारण सकाळच्या घाईत दुधी थेट नळीत जातो. कारल्यात किंवा आवळ्यात मिसळला तर त्याचा कडूपणा कळतही नाही, आणि ‘औषध कडूच असतं’ असं म्हणून माणूस तो गिळतो.

इतके दिवस वापरल्यावर बाईंचं मत पक्कं झालं आहे. यंत्र चांगलं आहे. डाळिंबाचा, गाजराचा, आवळ्याचा रस त्यातून उत्तम निघतो, आणि पाहुणे आले की त्यांच्या घरी बाटलीतलं सरबत आता निघत नाही. पण ते फळ खाण्याची जागा घेऊ शकत नाही. मधुमेही माणसाने त्यावर पैसे घालू नयेत. ज्या घरात चोथा थालीपिठात जाणार आहे, रस छोट्या पेल्याने आणि लगेच प्यायला जाणार आहे आणि जाळी घासायला कोण हे आधीच ठरलं आहे, त्या घरात ज्यूसर टिकतो. बाकीच्यांकडे तो माळ्यावर जातो.

म्हणून आता कोणी विचारलं की बाई आधी ओळखीच्या कोणाचा तरी ज्यूसर आठवडाभर मागून आणा म्हणतात. रोज वापरा, रोज स्वतः धुवा, मग दुकानात जा. आणि घरात ज्यूसर आधीपासूनच असेल, तर उद्या सकाळी दुधी चिरताना पहिली फोड आपण स्वतः चाखा. जरा जरी कडू लागली तर ती थुंकून टाका, चूळ भरा आणि सगळा दुधी टाकून द्या.